मनोविकार वॉर्डातला औषधांचा राउंड: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

मनोविकार वॉर्डात नव्याने आलेल्या नर्सेसना औषधांची नावं बहुधा पाठ असतात. चुका होतात त्या दुसरीकडे. दुष्परिणाम दिसला की आजार वाढला असं वाटतं, शरीराचा आजार मनाचा समजला जातो आणि रुग्णाला होणारा त्रास हट्ट म्हणून नोंदवला जातो. तिन्ही ठिकाणी कारण एकच असतं: गोळी देण्याआधी रुग्णाला नीट पाहिलेलं नसतं आणि दिल्यावर परत पाहिलेलं नसतं.

म्हणून खालचे टप्पे एका ड्यूटीत काम ज्या क्रमाने करावं त्या क्रमाने लिहिले आहेत. औषध सुरू करणं, बंद करणं, डोस बदलणं हा डॉक्टरांचा निर्णय. पण डॉक्टर रुग्णाला काही मिनिटं पाहतात, तुम्ही संपूर्ण पाळी. तुम्ही जे पाहाल आणि लिहाल त्यावरच तो निर्णय उभा राहतो.

टप्पा १: ट्रॉली बाहेर काढण्याआधी

हँडओव्हर घेताना "रात्र शांत गेली" एवढ्यावर समाधान मानू नका. पुढचे प्रश्न नाव घेऊन विचारा. गेल्या २४ तासांत नवं औषध कोणाला सुरू झालं? कोणाचा डोस वाढला? गरजेपुरतं दिलं जाणारं इंजेक्शन कोणाला, किती वाजता दिलं? कोणी गोळी नाकारली? कोण जेवत नाही, पाणी पीत नाही? कोणाला उलट्या-जुलाब आहेत? शौचाला न होऊन किती दिवस झाले? सकाळी ईसीटीसाठी (विजेच्या उपचारासाठी) उपाशी कोण आहे?

यातले शेवटचे तीन-चार प्रश्न पोटापाण्याचे वाटतात, पण लिथियम आणि क्लोझापिन घेणाऱ्यांच्या बाबतीत जीव त्यांच्यावरच अवलंबून असतो. त्याबद्दल टप्पा ७ मध्ये.

त्यानंतर नाडी, रक्तदाब, ताप, श्वासाची गती. मधुमेह असेल किंवा रुग्ण अचानक बदललेला दिसत असेल तर साखर.

थांबा: काल व्यवस्थित बोलणारा माणूस आज वेळ-काळ विसरला, तासातासाला बदलतोय, मधेच गुंगीत जातोय, तर त्याला डिलिरियम आहे असं धरून चाला आणि शारीरिक कारण शोधायला डॉक्टरांना बोलवा. संसर्ग, कमी साखर, सोडियम घटणं, लघवी तुंबणं, औषधाचा विषारी परिणाम यांपैकी काहीही असू शकतं. स्किझोफ्रेनियात भास आणि संशय असतात, पण जाणीव सहसा अशी गढुळत नाही.

नेहमी दारू पिणाऱ्याची दारू दाखल झाल्यामुळे सुटते, तिथे घड्याळ आठवा. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणं आणि घाम सुरू होतो, फिट्स बहुधा पहिल्या ४८ तासांत येतात, आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान डिलिरियम ट्रेमेन्सची (दारू सुटल्याने होणाऱ्या तीव्र डिलिरियमची) भीती असते. नैराश्य म्हणून दाखल झालेला रुग्ण तिसऱ्या दिवशी घामाघूम होऊन अंगावरचे न दिसणारे किडे झटकू लागला, तर तो वेडसर वागत नाही, त्याचा जीव धोक्यात आहे. अशा रुग्णाला ग्लुकोज चढवण्याआधी थायमिन (बी१ जीवनसत्त्व) गेलंय ना, हे तपासणं तुमच्या हातात आहे.

टप्पा २: पाच मिनिटं रुग्णाजवळ

मानसिक स्थितीच्या तपासणीचे मुद्दे सगळे शिकतात: दिसणं, वागणं, बोलणं, मनःस्थिती, विचार, भास, भान आणि स्मृती, स्वतःच्या आजाराची समज. प्रत्येक राउंडला ही यादी घेऊन बसायची गरज नाही. रुग्ण कसा बसलाय, नजर कुठे आहे, बोलणं वेगाने धावतंय की ओढून काढावं लागतंय, मध्येच थांबून कानोसा घेतोय का, एवढं पाहिलं तरी बरंच हाती लागतं.

नोंद मात्र शब्दशः हवी. "रुग्ण आक्रमक" असं लिहिलं की पुढच्या पाळीला फक्त भीती कळते. "दहा मिनिटांत सहा वेळा उठून दारापर्यंत गेले, 'पायात काहीतरी सळसळतंय' म्हणाले, कोणावर धावून गेले नाहीत" असं लिहिलं तर डॉक्टरांना निदान कळतं. (हे उदाहरण लक्षात ठेवा, ते पुढे लागणार आहे.)

*आत्महत्येबद्दल थेट विचारा.* विचारल्याने मनात नसलेला विचार येतो ही समजूत चुकीची आहे. आडून विचारलं की उत्तरही आडूनच येतं. पायरीपायरीने जा: "जगणं नको असं वाटतं का?", "स्वतःला संपवण्याचा विचार येतो का?", "कसं, ते ठरवलंय का?", "त्यासाठी काही जवळ ठेवलंय का?", "आधी कधी प्रयत्न केला होता का?" शेवटच्या तिन्हींपैकी एकालाही होकार मिळाला तर राउंड थांबवा, रुग्णाला एकटं सोडू नका, लगेच कळवा. देखरेख दर पंधरा मिनिटांनी ठरली असेल तर ठोक्यावर जाऊ नका. कधी आठव्या, कधी तेराव्या मिनिटाला जा. ठरलेली वेळ रुग्णालाही पाठ होते.

संशयाबद्दल वाद घालू नका आणि होकारही देऊ नका. "गोळीत विष आहे" असं म्हणणाऱ्याला "छे, काहीतरीच काय" म्हणणं जितकं निरुपयोगी, तितकंच "बरं, मी विष काढून टाकते" म्हणणं घातक. "तुम्हाला तसं वाटतंय आणि त्यामुळे भीती वाटतेय, हे मला दिसतंय. माझ्या माहितीप्रमाणे हे झोपेचं औषध आहे. पाकीट तुमच्यासमोरच फोडते." एवढं बोलणं पुरेसं.

टप्पा ३: आजार आणि औषध यांची सांगड

चार्टवरचं औषध कोणत्या लक्षणासाठी आहे हे सांगता येत नसेल तर ते देऊ नका, आधी विचारा. ढोबळ मांडणी अशी:

*स्किझोफ्रेनिया आणि इतर सायकोसिस.* भास, संशय, विस्कळीत बोलणं. हॅलोपेरिडॉल, ट्रायफ्लुओपेराझिन ही जुन्या पिढीतली औषधं, त्यांत हालचालींचे दुष्परिणाम जास्त. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, अॅरिपिप्राझोल नव्या पिढीतली. ओलान्झापिनने वजन, साखर आणि चरबी वाढते, म्हणून पहिल्या दिवशीचं वजन आणि कंबरेचा घेर लिहून ठेवा. तीन महिन्यांनी तुलना करायला दुसरं काही हाती नसतं.

*बायपोलर आजार.* उन्मादाच्या झटक्यात झोपेची गरजच कमी होते, बोलणं-खर्च-योजना आवरत नाहीत, आणि हे आठवडाभर तरी टिकतं. लिथियम, व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन. व्हॅल्प्रोएट गर्भाला गंभीर अपाय करतं, म्हणून मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रीच्या चार्टवर ते दिसलं तर पाळी आणि गर्भधारणेची चौकशी झालीय का, हे विचाराच. लॅमोट्रिजिन आणि कार्बामाझेपिनवर असताना नवं पुरळ आलं, विशेषतः ताप किंवा तोंडात फोड असले, तर पुढचा डोस रोखून कळवा. लॅमोट्रिजिनचा डोस हळूहळू चढवतात तो यासाठीच. सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर आणखी हळू.

*नैराश्य आणि चिंतेचे विकार.* फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम. मंत्रचळेपणातही (ओसीडी) हीच, पण बहुधा मोठ्या डोसमध्ये आणि जास्त काळ. मळमळ, अस्वस्थता पहिल्याच आठवड्यात येते, मनाला उभारी यायला मात्र २ ते ४ आठवडे लागतात. याच मधल्या काळात काही रुग्णांच्या हातापायांत बळ येतं आणि निराशा तशीच असते. म्हणून "आज बऱ्याच दिवसांनी अंघोळ केली" ही बातमी आनंदाची असली तरी त्या आठवड्यात नजर ढिली करू नका. पंचविशीच्या आतल्या रुग्णांबाबत विशेष जागरूक राहा. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या औषधांचा अतिडोस हृदयाला मारक ठरतो, त्यामुळे साठवलेल्या गोळ्यांची भीती तिथे सर्वांत जास्त.

*लोराझेपाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम.* चिंता शमवणारी, झोप आणणारी औषधं. थोड्या दिवसांसाठी उपयोगी. दारू किंवा अफूवर्गीय औषधांसोबत श्वास मंदावतो. बरेच दिवस घेतलेली ही औषधं एकदम तोडली तर फिट येऊ शकते.

*स्मृतिभ्रंश.* डोनेपेझिल देण्याआधी नाडी मोजा. ती मंद होऊ शकते.

टप्पा ४: गोळी हातात देताना

१. "तुम्ही अमुकच ना?" असं विचारू नका. गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो आणि काहींना आपण दुसरेच कोणी आहोत असं ठामपणे वाटत असतं. नाव त्यांच्या तोंडून वदवून घ्या, मनगटपट्टी आणि चार्टवरचा फोटो जुळवा.

२. एका वेळी एकाच रुग्णाची औषधं काढा. ट्रॉली नजरेआड करू नका.

३. औषधाचं नाव आणि कशासाठी आहे ते सांगा. रोज सांगा.

४. गोळी तोंडात गेल्यावर पूर्ण ग्लास पाणी. मग दोन वाक्यं बोला. गालात गोळी धरलेला माणूस नीट बोलू शकत नाही. मग जीभ वर करायला, गालाचा आतला भाग दाखवायला सांगा. हे सगळ्यांनाच सांगा, म्हणजे कोणा एकालाच आरोपी झाल्यासारखं वाटत नाही.

५. पुढची १० ते १५ मिनिटं रुग्ण नजरेसमोर राहील असं पाहा. शौचालयाकडे लगबगीने जाणारे लक्षात ठेवा.

६. सही गोळी गिळल्यावरच. आधी सह्या करून ठेवणं ही या वॉर्डातली सगळ्यात जुनी चूक आहे.

तपासा: गोळी कुस्करण्याआधी ती सावकाश विरघळणारी नाही ना? लिथियम, व्हॅल्प्रोएट, क्वेटियापिन यांचे तसे प्रकार मिळतात. कुस्करले तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

जेवणात लपवून औषध देऊ नका. एकदा कळलं की रुग्ण जेवणही सोडतो, आणि त्याचा संशय तुम्ही स्वतः खरा करून दाखवलेला असतो. कोणी नाकारलं तर "का?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. जीभ जड होते, शरीरसंबंधात अडचण येते, तोंडातून लाळ गळते म्हणून लाज वाटते, अशी कारणं थोड्या वेळाने बाहेर येतात. ती लिहा, डॉक्टरांना सांगा. अर्ध्या तासाने पुन्हा जा किंवा सहकाऱ्याला पाठवा. एवढ्याने बरेचदा काम होतं.

टप्पा ५: इंजेक्शन

दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शनं आणि तातडीने शांत करण्यासाठीची इंजेक्शनं या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच औषधाचे दोन्ही प्रकार असू शकतात. हॅलोपेरिडॉल साधं की डेकॅनोएट (दीर्घकाळ टिकणारं), हे अँप्यूलवर दोनदा वाचा.

फ्लुफेनाझिन आणि हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट तिळाच्या तेलात असतात. सुई आणि सिरिंज कोरडी हवी. कातडी बाजूला ओढून खोल स्नायूत द्या, सावकाश द्या, आणि नंतर चोळू नका. गेल्या वेळची बाजू नोंदवलेली असेल तर यावेळी दुसरी. ओलान्झापिन पॅमोएट (हेही दीर्घकाळ टिकणारं) दिल्यावर रुग्णाला किमान ३ तास देखरेखीखाली ठेवावं लागतं, कारण क्वचित औषध रक्तात झपाट्याने उतरून तीव्र गुंगी किंवा डिलिरियम होतो.

तातडीच्या वेळी आधी शब्द, मग तोंडी औषध, मग इंजेक्शन. साधं ओलान्झापिन आणि लोराझेपाम ही दोन्ही इंजेक्शनं एकाच वेळी देऊ नयेत, रक्तदाब आणि श्वास दोन्ही कोसळू शकतात. रात्रपाळीत घाईने तोंडी ऑर्डर मिळते तेव्हा हे आठवून बोलायचं धाडस लागतं. ते करा. इंजेक्शननंतर पहिला तास दर १५ मिनिटांनी नाडी, रक्तदाब, श्वास आणि शुद्ध पाहा, मग रुग्ण हिंडूफिरू लागेपर्यंत दर तासाला. "झोपले आहेत, उठवायला नको" असं ठरवून दूर राहणं धोक्याचं. झोप आणि बेशुद्धी लांबून सारखीच दिसते.

टप्पा ६: औषध दिल्यानंतर काय पाहायचं

माझ्या मते या कामाचा गाभा इथे आहे. सायकोसिसच्या औषधांचे हालचालींचे दुष्परिणाम बऱ्याच अंशी ठरलेल्या क्रमाने येतात, म्हणून औषध किती दिवसांपूर्वी सुरू झालं हे कळलं की काय शोधायचं ते कळतं.

*काही तास ते पाच दिवस: डिस्टोनिया.* मान एका बाजूला वळून अडकते, डोळे वर चढतात, जीभ बाहेर येते, जबडा आवळतो. तरुण पुरुषांत जास्त. बघणाऱ्याला नाटक वाटतं, भोगणाऱ्याला मरण. स्वरयंत्राचे स्नायू आवळले तर श्वास अडतो. लगेच डॉक्टरांना बोलवा, प्रोमेथाझिनसारखं इंजेक्शन तयार ठेवा. ते गेल्यावर थोड्याच वेळात मान सैल होते. तोवर जवळ बसून "हे औषधामुळे झालंय, जाईल" असं सांगत राहा.

*काही दिवस ते काही आठवडे: अकाथिसिया.* एका जागी बसवत नाही, पाय सतत हलतात, आतून सळसळ होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून झालेली चूक इथलीच आहे. हॅलोपेरिडॉल सुरू होऊन आठवडा झालेला एक रुग्ण रात्रभर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. मी "अस्वस्थ, आक्रमक होण्याची शक्यता" अशी नोंद केली. त्या नोंदीवरून सकाळी डोस वाढला आणि त्याचा त्रास दुप्पट झाला. त्याला फक्त एक प्रश्न विचारायला हवा होता: "ही अस्वस्थता मनात आहे की पायांत?" पायांत, असं उत्तर आलं की चित्र बरंच स्पष्ट होतं. अशा वेळी डोस वाढवणं हे उपचाराच्या नेमकं उलट असतं. बहुधा तो कमी करतात किंवा प्रोप्रानोलोल देतात. या त्रासाला कंटाळून जीव द्यावासा वाटतो असं रुग्ण सांगतात, म्हणून वाट पाहू नका.

*काही आठवडे: पार्किन्सनसारखी लक्षणं.* चेहरा निर्विकार, हात कंप पावतात, चाल लहान पावलांची. याला नैराश्य किंवा "आळस" समजू नका. चालताना हात हलतात का ते पाहा. यावर दिलं जाणारं ट्रायहेक्सिफेनिडिल तोंड कोरडं करतं, बद्धकोष्ठ आणि लघवी अडणं वाढवतं, वृद्धांना गोंधळात टाकतं. संध्याकाळनंतर घेतलं तर झोप उडू शकते.

*महिने ते वर्षं: टार्डिव्ह डिस्किनेशिया.* ओठ चावल्यासारखे हलतात, जीभ आतबाहेर होते. इथे ट्रायहेक्सिफेनिडिल उपयोगी नाही, उलट लक्षणं वाढू शकतात.

थांबा: ताप, लोखंडी कांबीसारखं ताठरलेलं अंग, घाम, वर-खाली होणारा रक्तदाब आणि मंदावलेली शुद्ध हे सगळं एकत्र दिसलं तर न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोमची शंका घ्या. पुढचा डोस देऊ नका. ताप आला म्हणून पॅरासिटामॉल देऊन स्वस्थ बसू नका. रक्तात सीपीके (स्नायूंमधलं एक एन्झाइम) वाढलेलं सापडतं, आणि रुग्णाला अतिदक्षता विभागाची गरज लागू शकते.

याच्याशी गल्लत होणारा सेरोटोनिन सिंड्रोम नैराश्याच्या औषधांमुळे होतो, विशेषतः सोबत ट्रॅमाडॉल किंवा लिनेझोलिड दिलं गेलं तर. तो बहुधा २४ तासांच्या आत येतो. अंग ताठण्यापेक्षा झटके आणि थरथर जास्त, जुलाब, विस्फारलेल्या बाहुल्या. घोटा झटकन वर दाबला तर पाऊल लयीत उडत राहतं.

टप्पा ७: लिथियम आणि क्लोझापिन

*लिथियम.* उपायकारक आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडं. नेहमीच्या उपचारात ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर, तीव्र उन्मादात १.२ पर्यंत, आणि १.५ च्या वर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. वृद्धांत त्याआधीही. रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी घ्यायचं, म्हणजे सकाळची गोळी देण्याआधी. डोस बदलल्यावर ५ ते ७ दिवसांनी. रक्त हेपॅरिनच्या नळीत घेत असाल तर लेबल वाचा. लिथियम हेपॅरिन असलेल्या नळीत घेतलं तर अहवाल खोटाच जास्त येतो.

शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की लिथियमची पातळी चढते. जुलाब, उलट्या, उपास, फार घाम, अचानक अळणी जेवण, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं, रक्तदाबाची काही औषधं, ही सगळी कारणं. बोटांचा बारीक कंप चालेल. कंप ठळक झाला, चालताना तोल गेला, जीभ बोबडी वळली, उलट्या सुरू झाल्या, तर गोळी रोखा आणि रक्त पाठवा. मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणी साधारण सहा महिन्यांनी.

*क्लोझापिन.* इतर दोन औषधांनी उतार न पडलेल्यांसाठी. पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असल्याने सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला रक्ततपासणी. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) १५०० च्या खाली गेले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोस नाही. घसा दुखणं आणि ताप याकडे सर्दी म्हणून पाहू नका. पहिल्या दोन महिन्यांत छातीत दुखलं, धाप लागली, नाडी सतत जलद राहिली तर हृदयाच्या स्नायूला सूज आल्याची शंका घ्या.

रक्ताची काळजी सगळे घेतात, आतड्यांची कोणी घेत नाही. क्लोझापिनमुळे आतडी ठप्प होऊन माणसं दगावली आहेत. रोज विचारा, रोज लिहा. दोन दिवस शौच झालं नाही तर कळवा.

तपासा: क्लोझापिनचा डोस ४८ तासांहून जास्त चुकला आहे का? असेल तर जुना डोस पुन्हा सुरू करता येत नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून नव्याने चढवावा लागतो. आणि रुग्णाने दाखल झाल्यावर धूम्रपान सोडलं का? तंबाखूचा धूर यकृताला हे औषध लवकर मोडायला लावतो. धूर थांबला की त्याच डोसवर पातळी चढते. निकोटिनच्या पट्ट्यांनी हे टळत नाही, कारण परिणाम धुराचा असतो.

टप्पा ८: घरी पाठवताना

डिस्चार्जच्या दिवशी घाईत सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. दोन-तीन दिवस आधीपासून थोडं थोडं सांगा आणि रुग्णाकडून परत म्हणवून घ्या: कोणती गोळी, किती वाजता, कशासाठी, चुकली तर काय करायचं. लिथियमची चुकलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट करून घ्यायची नाही, हे वेगळं सांगा. "बरं वाटलं की बंद" हा प्रश्न त्यांनी विचारला नाही तरी तुम्हीच काढा.

घरच्या माणसांशी रुग्णाच्या संमतीने बोला. आजार उलटण्याची पहिली खूण प्रत्येकाची वेगळी असते: कोणाची झोप कमी होते, कोणी फोन उचलणं बंद करतो, कोणी रात्री कपाटं आवरायला घेतो. ती खूण रुग्णाच्या आणि घरच्यांच्या तोंडून काढून कागदावर लिहून द्या. आत्महत्येचा धोका होऊन गेलेला असेल तर गोळ्या थोड्या दिवसांच्याच दिल्या जातील असं पाहा, त्या कोणाच्या ताब्यात राहतील ते नाव घेऊन ठरवा, आणि पुढच्या भेटीची तारीख पहिल्या आठवड्यातलीच घ्या. घरी गेल्यानंतरचे हे पहिले दिवसच सर्वांत जोखमीचे असतात.